पाच घड्यांची मांजर



फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. देवरी आणि सालेकसा भागातून शिक्षणासाठी आलेली काही मुले इकडे राहतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग भरतो. त्या वर्गात मी आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जाते. गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिलीतली एक नवी मुलगी आली. तिच्याबद्दल, आणि एका कागदाच्या मांजरीबद्दल, मला आज लिहायचे आहे.

ही मुलगी आल्यापासून बोललीच नव्हती. नाव विचारले की मान खाली. हजेरीला तिच्या शेजारची मुलगी तिचा हात धरून वर करी. ताटातला भात संपला तरी आणखी हवा म्हणून मागत नसे. एक दिवस पाऊस जोरात आला आणि दिवे गेले. वाचता येईना, म्हणून मुलांना खिडकीपाशी बसवले आणि एका जुन्या वहीची पाने फाडून मांजर करायला घेतली. होडी सर्वांना येते. मांजर कोणालाच येत नव्हती. अर्ध्या तासाने त्या मुलीने आपली मांजर माझ्या गुडघ्यावर आणून ठेवली आणि एक शब्द उच्चारला. तो मराठी नव्हता. चौथीतला एक मुलगा हसून म्हणाला, “मॅडम, ती मांजरच म्हणते आहे.” मांजरीला गोंडीत काय म्हणतात हे मी त्या दिवशी शिकले, आणि ती ‘मांजर’ हा शब्द शिकली.

मूल गप्प का बसते

असे मूल पाहिले की आपण पटकन म्हणतो, लाजाळू आहे. कधी त्याहूनही कठोर शब्द वापरतो. पण थोडा विचार करावा. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा आहे, तेलुगूच्या नात्यातली. मराठीचे कूळ निराळे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे ३० लाख लोक गोंडी बोलतात. आपल्या जिल्ह्यातल्या सर्वच आदिवासी घरांत ती बोलली जाते असे नाही. पुष्कळ घरांत झाडीबोली किंवा हिंदी चालते. परंतु ज्या मुलाच्या कानावर जन्मापासून गोंडीच पडली आहे, त्याला पहिलीच्या वर्गात बसवणे म्हणजे आपल्याला तेलुगू शाळेत नेऊन बसवण्यासारखे आहे. झाडीबोली बोलणाऱ्या मुलालाही पुस्तकातली मराठी काही सोपी जात नाही.

मोठे माणूस अशा वेळी खुणा करील, विचारील. सहा वर्षांचे मूल गप्प बसते. चुकीचे बोलून हसे होण्यापेक्षा न बोललेले बरे, हे त्याला फार लवकर कळते. आणि गप्प बसणाऱ्या मुलाला काही येत नाही, असे वर्ग ठरवून टाकतो.

अशा मुलाला एखादे असे काम द्यावे लागते, जे भाषा न येताही जमेल आणि पूर्ण झाल्यावर सर्वांना दिसेल. कागदाची घडी हे तसे काम आहे. सांगणाऱ्याचे शब्द कळले नाहीत तरी हात दिसतो.

मांजरच का

ओरिगामी हा जपानी शब्द आहे. ‘ओरी’ म्हणजे घडी घालणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद. या कलेत अवघड नमुने खूप आहेत. प्रसिद्ध बगळा सुंदर दिसतो, पण त्यात एक घडी तिरकी गेली की पुढचे सगळे बिघडते आणि लहान मूल कागद चुरगळून टाकते. मांजरीचे तसे नाही. तिला पाच घड्या पुरतात. एक कान मोठा आणि एक लहान झाला तरी ती मांजरच राहते. शिवाय तोंड काढायचे काम शेवटी मुलाकडेच असते, त्यामुळे वीस मुलांच्या वीस मांजरी वेगळ्या होतात. कोणाची रागावलेली, कोणाची झोपलेली.

कृती

प्रथम चौकोन. वहीचे पान लांबट असते. त्याचा वरचा उजवा कोपरा धरून तिरका खाली आणा, म्हणजे पानाची वरची कड डाव्या कडेवर बरोबर बसेल. खाली जी पट्टी उरते ती दुमडून, नखाने दाबून, फाडून टाका. राहिला तो चौकोन, आणि तो तिरका दुमडलेलाच आहे. बाजू साधारण १५ सेंटिमीटर असली की लहान हातांना सोयीची पडते.

पहिली घडी ही झालीच: चौकोनाचा त्रिकोण.

दुसरी घडी. त्रिकोणाची लांब, दुमडलेली कड आपल्याकडे ठेवा आणि टोक आपल्यापासून दूर. डावा कोपरा उजव्या कोपऱ्यावर ठेवून मधोमध दाबा आणि पुन्हा उघडा. ही खूण फक्त मध्य कळण्यासाठी आहे.

तिसरी घडी. दूरचे टोक आपल्याकडे आणा, दोन्ही पदर एकत्र. टोक खालच्या कडेला जवळजवळ टेकले पाहिजे. आता वर सपाट कड तयार झाली. हा मांजरीचा माथा.

चौथी आणि पाचवी घडी. खालच्या कडेवर मधल्या खुणेपासून डावीकडे एक बोट जागा सोडा. तेथून डावा कोपरा वर दुमडा, असा की त्याचे टोक माथ्याच्या वर बाहेर येईल. तसेच उजवीकडे. हे दोन कान.

आता कागद उलटा करा. समोर स्वच्छ चेहरा दिसेल, वर दोन कान आणि खाली निमुळती हनुवटी. डोळे, नाक आणि मिश्या मुलाने काढायच्या.

अंग हवे असेल तर डोक्याच्या चौकोनाच्या दुप्पट बाजूचा, जरा जाड कागदाचा चौकोन घ्या. जुन्या कॅलेंडरचे पान उत्तम. तो तिरका दुमडून त्रिकोण करा. दुमडलेली कड ही पाठ. पाठ तिरकी उतरती ठेवून उघड्या कडांवर त्रिकोण थोडा फाकवून उभा केला की तो तंबूसारखा उभा राहतो. मागचे टोक वर वळवा, ती शेपटी. वरच्या टोकावर डोके चिकटवा. गोंद आणायची गरज नाही. धानाच्या जिल्ह्यात शिजलेल्या भाताचे एक शीत पुरते, आणि ते मुलांना पाहून माहीत असते.

एका कागदात किती शब्द

आता ही कृती पुन्हा वाचून पाहा. कोपरा, कड, टोक, मध्य, वर, खाली, डावा, उजवा, अर्धा, दोन पदर, उलटा, सुलटा. पहिलीच्या मुलाला गणिताच्या तासाला लागणारे शब्द यात बहुतेक आले. फरक एवढाच की येथे शब्द ऐकताना ती वस्तू मुलाच्या चिमटीत असते. ‘कोपरा’ म्हटले आणि कोपरा धरला, असे चार वेळा झाले की अर्थ विचारावा लागत नाही. आम्ही प्रत्येक शब्द दोन्ही भाषांत म्हणतो. गोंडीतला शब्द मुलांनी सांगायचा आणि शिकवणाऱ्याने म्हणायचा. आमचा उच्चार चुकतो तेव्हा मुले पोट धरून हसतात. ते हसणे मी मोलाचे समजते; चुकले तरी काही बिघडत नाही, हे त्यांना त्यातूनच दिसते.

बोटांचाही फायदा आहे. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, एका हाताने धरून ठेवायचा आणि दुसऱ्या अंगठ्याने दाबत न्यायचा. जी बोटे हे करू लागली, ती पेन्सिल नीट धरू लागतात.

पुढे मुले आपणच पुढे जातात. त्रिकोण उलटा धरून, म्हणजे टोक आपल्याकडे ठेवून, वरचे दोन कोपरे खाली दुमडले की लोंबत्या कानांचा कुत्रा होतो. कागद तोच, फक्त धरण्याची दिशा बदलली. आणि मांजरीच्या चेहऱ्यावर पट्टे ओढले की वाघ. मांजर ही वाघाची मावशी, हे आपण लहानपणापासून ऐकले आहे. पण आमच्या मुलांना वाघ गोष्टीतला नाही. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली जाहीर झाला, आणि त्या जंगलाच्या कडेला ज्यांची गावे आहेत, त्यांच्या घरांत मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायला जाताना वाघाचा विचार करावाच लागतो. एका मुलाने वाघ केला आणि तो दाराच्या दिशेने तोंड करून ठेवला. का, असे विचारल्यावर आजोबांनी वाघ कोठे पाहिला ते तो सांगू लागला, अर्धे हिंदीत, अर्धे गोंडीत. त्याला इतके लांब बोलताना आम्ही प्रथमच ऐकले.

आपले हात मांडीवर

येथे माझी एक चूक सांगते. पहिल्या महिन्यात एका मुलाचा कान वाकडा दुमडला जात होता. मी चटकन त्याच्या हातातून कागद घेतला, नीट दुमडून दिला आणि पाठ थोपटली. मुलाने ती मांजर तेथेच ठेवली आणि दुसरा कागद मागितला नाही. घरी जाताना इतरांनी आपापल्या मांजरी नेल्या. त्याची पाटावर पडून होती. ती आता त्याची नव्हतीच, माझी होती.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. शिकवणाऱ्याने फक्त आपल्या कागदाला हात लावायचा. मुलाला अडले तर आपला कागद उघडून तीच घडी पुन्हा, अधिक सावकाश घालून दाखवायची. बाकी वेळ हात मांडीवर. हे वाटते त्यापेक्षा कठीण आहे, विशेषतः आपण मदत करायलाच आलो आहोत असे मनात असते तेव्हा.

आणखी काही गोष्टी अनुभवाने कळल्या. मुलाच्या समोर बसू नये, शेजारी बसावे. समोर बसले की डावे-उजवे उलटे दिसते. एक घडी दाखवावी आणि सर्वांची होईपर्यंत थांबावे. आपल्या नमुन्यावर डोळे काढू नयेत, नाहीतर सगळ्या मांजरींना तेच डोळे येतात. पहिला-दुसरा नंबर काढू नये. आणि ज्याला आले, त्याने पुढच्याला दाखवावे. अभ्यासात मागे असलेले मूल घडीत पुष्कळदा पुढे असते, आणि वर्गात प्रथमच त्याच्याकडे कोणीतरी शिकायला येते.

ही वाट जुनी आहे

कागद दुमडणे म्हणजे वेळ घालवणे नव्हे काय, असे एका हितचिंतकांनी प्रेमाने विचारले होते. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. जर्मन शिक्षक फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली. किंडरगार्टन हे नाव त्यांचेच. त्यांनी मुलांसाठी जी हस्तोद्योगाची कामे योजली, त्यांत कागदाच्या घड्या होत्या. १८७६ साली टोकियोत अशी बालशाळा सुरू झाली, तेव्हा जपानची जुनी घडीकला आणि ही शाळेतली घडी एकत्र आल्या. आपल्या देशात टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासहून एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. नुसत्या घड्या घालून भूमिती कशी शिकावी, हा त्याचा विषय, आणि कल्पना किंडरगार्टनमधल्या घडीकामावरून सुचली असे त्यांनीच लिहिले आहे. जपानचे अकिरा योशिझावा (१९११–२००५) हे या कलेतले सर्वांत मोठे नाव. ते तरुणपणी कारखान्यात काम करत आणि नव्या कामगारांना भूमिती समजावण्यासाठी कागद दुमडून दाखवत. मराठीत अनिल अवचट यांनी ओरिगामीचा छंद जोपासला आणि मुलांसाठी त्यावर पुस्तकही लिहिले.

पण आमच्या कामाला सर्वांत जवळचे उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. परिसर आदिवासींचा, मुख्यतः वारल्यांचा. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून पाने, बिया, खडे, माती हीच साधने केली. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. कोसबाडहून घेण्यासारखा धडा माझ्या मते हा: मुलाजवळ जे आधीच आहे, तेथून सुरुवात करा.

आमच्या मुलांजवळ काय आहे? घडी आहे. पळसाच्या पानांचे द्रोण आणि पत्रावळी करताना त्यांनी आजीला पाहिले आहे. पान कोठे दुमडायचे, काडी कोठे टोचायची, किती ओढले की पान फाटते, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. एकदा एक मुलाची आजी भेटायला आली आणि वर्गात बसली. तिने मांजर पाहिली, एक कागद उचलला आणि बोलता बोलता त्याचा द्रोण केला. काडी नव्हती म्हणून कडेचाच कागद आत खोचला. त्या संध्याकाळी शिकवणारी ती होती, आणि तिचा नातू ताठ मानेने सर्वांना कागद वाटत होता.

आपण काय करू शकता

एकदा एका मंडळीने मुलांसाठी चकचकीत रंगीत कागदांचे पुडे पाठवले. मुलांना ते फार आवडले. त्यांनी ते पेटीत जपून ठेवले आणि एकही दुमडला नाही. इतका चांगला कागद बिघडला तर, ही भीती. पाठवणाऱ्यांचे प्रेम खरे होते. पण शिकायला असा कागद लागतो, जो बिघडला तरी चालतो.

म्हणून विनंती अशी. एका बाजूने छापलेले कागद, अर्ध्या कोऱ्या वह्या, संपलेल्या वर्षाची कॅलेंडरे घरी आणि कार्यालयात बाजूला काढून ठेवा. रविवारच्या शाळेच्या किंवा तरुण संघाच्या मुलांनी त्यांचे चौकोन कापून गठ्ठे बांधले तर उत्तम. त्याहून मोठी मदत म्हणजे एक संध्याकाळ. येण्याआधी मांजर घरी दहा वेळा करून पाहा, म्हणजे हात न पाहता होईल आणि डोळे मुलांकडे राहतील. त्यांच्या भाषेतले दोन शब्द शिकून परत जा.

शेवटी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दिवाळीची सुटी हा आमच्या काळजीचा काळ असतो. धान कापणीला हात हवे असतात, घरची ओढ असते, आणि गावी गेलेले प्रत्येक मूल परत येतेच असे नाही. ती मुलगी सुटीला जाताना सहा कोरे चौकोन मागून घेऊन गेली. मागताना मराठीत बोलली. सुटी संपल्यावर ती एक दिवस उशिरा आली. घरी धाकट्या भावाला मांजर शिकवली, असे तिने सांगितले. पण तो कान फाडतो, अशी तक्रारही केली. तिच्याबरोबर गेलेला, दाराकडे तोंड करून वाघ ठेवणारा मुलगा मात्र परत आला नाही. त्याच्या घरी दोनदा जाऊन आलो. पुन्हा जाणार आहोत.

वर्गात खिडकीला एक दोरी बांधली आहे आणि मुलांच्या मांजरी तिच्यावर लावलेल्या असतात. वर्षअखेर त्या ज्याच्या त्याला देतो. त्याचा वाघ अजून दोरीवर आहे. तो आम्ही काढलेला नाही.